सलाईनच्या बाटलीजवळ कोण बसलं होतं?



आज आम्ही इतिहासच सांगणार आहोत, पण लढायांचा नाही. वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. आजचा इतिहास आहे सलाईनच्या बाटलीचा. आपल्यापैकी किती जणींच्या हाताला ती सुई लागलेली आहे! बाळंतपणात लागली, डेंग्यूत लागली, सासूबाईंच्या ऑपरेशनला लागली. बाटली आपण पाहिली, नळी पाहिली, थेंब मोजले. पण ही वस्तू आली कुठून आणि ती नीट चालावी म्हणून कुणी काय केलं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

सुरुवात मिठापासून करू. आपल्याकडे खाडीच्या कडेला मिठागरं आहेत. समुद्राचं एक लिटर पाणी आटवलं तर साधारण ३५ ग्रॅम मीठ हाती लागतं. दवाखान्यातलं साधं सलाईन म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यात ९ ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं खारट. आपल्या रक्ताचा खारटपणा जवळपास तेवढाच असतो, म्हणून हे पाणी रक्तात सुखाने मिसळतं. अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी. एवढ्याशा मिठापाण्याने मरणाच्या दारातली माणसं परत आली. आणि त्याच पाण्याने, त्याच सुईने काही माणसं दगावलीसुद्धा. हा फरक कशाने पडला, ते बघायला आपल्याला दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

पटकीची साथ आणि एक म्हातारी

कॉलऱ्याला आपल्याकडची जुनी माणसं पटकी म्हणायची. गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, ती याच भीतीची आठवण. १८१७ साली बंगालमधल्या जेस्सोर भागात पटकीची मोठी साथ उठली आणि पुढच्याच वर्षी, १८१८ साली, ती मुंबईत पोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत संपायचा. डोळे खोल जायचे, कातडी सुरकुतायची, हातपाय गार पडायचे. तेव्हाचे इंग्रज डॉक्टर त्यावर काय करायचे? रोग्याचं रक्त काढायचे! आधीच ज्याच्या अंगातलं पाणी संपलंय, त्याचं रक्तही काढून घ्यायचे.

जहाजं आणि फौजा यांच्याबरोबर ही साथ पुढे जात राहिली आणि १८३१ साली इंग्लंडच्या सुंदरलँड बंदरात पोचली. तिथे विल्यम ओशॉनेसी नावाचा २२ वर्षांचा आयरिश डॉक्टर रोग्यांचं रक्त तपासायला गेला. त्याला दिसलं की रक्तातलं पाणी गेलंय, मीठ गेलंय, क्षार गेलेत. मग जे गेलं ते परत घालावं, असं त्याने मांडलं. हाच ओशॉनेसी पुढे १८३३ साली कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातल्या तारायंत्राच्या तारा त्याच्याच देखरेखीखाली टाकल्या गेल्या.

त्याची कल्पना प्रत्यक्षात आणली थॉमस लॅट्टा नावाच्या डॉक्टरने. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ लीथ नावाचं बंदर आहे, तिथे १८३२ साली. त्याची पहिली रोगी होती एक म्हातारी बाई. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बाकी सगळे उपाय थकले होते, नाडी लागत नव्हती. लॅट्टाने तिच्या हाताच्या शिरेत एक बारीक चांदीची नळी घातली आणि पिचकारीने मीठ-सोड्याचं पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. आधी काहीच फरक दिसेना. मग श्वास जरा मोकळा झाला. खोल गेलेले डोळे वर आले. गार पडलेले हात ऊब धरू लागले. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी आत गेलं आणि ती म्हातारी चक्क खणखणीत आवाजात बोलू लागली, थट्टा करू लागली. आता फक्त जरा झोप हवी, म्हणाली.

लॅट्टाला वाटलं, बाई वाचली. त्याने तिला दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरच्या ताब्यात दिलं आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने तिला पुन्हा जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पुन्हा पाणी कुणी दिलं नाही. साडेपाच तासांत ती गेली. हीच गोष्ट पुन्हा केली असती तर ती वाचली असती, असं लॅट्टाने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मैत्रिणींनो, सलाईनच्या इतिहासातली ही पहिली गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. औषध बरोबर होतं, सुई बरोबर शिरेत होती. कमी होतं ते एकच. तिच्या उशाशी बसून बघत राहणारं कुणी नव्हतं.

पाणी शुद्ध करणारी बाई

लॅट्टा पुढच्याच वर्षी वारला आणि त्याचा उपाय मागे पडला. त्याला कारणंही होती. जंतू म्हणजे काय हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पाणी स्वच्छ नसायचं, नळी स्वच्छ नसायची. शिरेत पाणी गेलं की काहींना हुडहुडी भरायची, सणकून ताप चढायचा आणि त्यातच माणूस जायचा.

पुढे सत्तरेक वर्षांनी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स या डॉक्टरने पटकीच्या रोग्यांना जरा जास्त मिठाचं सलाईन द्यायला सुरुवात केली आणि मरणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. म्हणजे उपाय खरा होता. पण तो ताप? पाणी उकळलं, वाफेचं पाणी धरलं, तरी काहींना ताप यायचाच. डॉक्टर त्याला चक्क सलाईनचा ताप म्हणू लागले होते.

ते कोडं सोडवलं एका बाईने. फ्लॉरेन्स सायबर्ट हे तिचं नाव, अमेरिकेतली. तीन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला होता, ती आयुष्यभर लंगडत चालली. १९२३ साली तिने दाखवून दिलं की पाणी उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यांच्या अंगातलं विष पाण्यात राहतं आणि ताप त्याचा येतो. पाण्याची वाफ करताना त्या वाफेबरोबर बारीक तुषार उडून पुढे जातात आणि ते विष सोबत नेतात. तिने असं भांडं तयार केलं की हे तुषार मधेच अडकतील आणि नुसती वाफ पुढे जाईल. त्यानंतरच कारखान्यात सलाईन भरून बाटल्या विकणं शक्य झालं. आज आपल्याला सलाईन लागल्यावर हुडहुडी भरत नाही, त्यामागे या बाईची मेहनत आहे.

तरीही एक धडा जगाला पुन्हा शिकावा लागला. १९७०-७१ साली अमेरिकेत सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांचं आतलं अस्तर बदललं गेलं. त्या अस्तरात जंतू वाढत होते. बाटली उघडताना ते पाण्यात उतरायचे आणि तिथून थेट रक्तात. कितीतरी रुग्णालयांतली माणसं आजारी पडली, कित्येक गेली. तेव्हापासून बाटली आणि नळी ठरावीक वेळाने बदलण्याचे नियम कडक झाले. तोंडावाटे काही वाईट गेलं तर पोट ते उलटून टाकतं. शिरेला तशी सोय नाही. जे आत गेलं ते काही क्षणांत काळजापर्यंत पोचतं.

उशाशी बसणाऱ्या

आता त्या म्हातारीकडे परत जाऊ. रोग्याच्या उशाशी बसायचं कुणी? डॉक्टर चोवीस तास बसू शकत नाही. ते काम नर्सचं. पण आपल्याकडे नर्स व्हायला बायका सहजासहजी पुढे आल्या नाहीत, म्हणजे त्यांना येऊ दिलं नाही. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं, हे चांगल्या घरच्या बाईचं काम नव्हे, असं लोक म्हणायचे.

मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, बायका डॉक्टरांनी चालवलेलं. तिथे नर्सचं शिक्षणही सुरू झालं. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन त्या गेल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. सेवासदनाने मुलींना, त्यातल्या कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या मुलींना लोकांची बोलणी खावी लागली. पण त्यांच्यामुळे मराठी घरांत हे काम मानाचं होऊ लागलं.

तरी नर्स किती होत्या? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात हिशेब होता की ४३,००० माणसांमागे एक नर्स आहे. आपल्याकडची पंधरा-वीस गावं एकत्र करा, मोठी गावं धरा, आणि त्या सगळ्यांत मिळून एकच नर्स आहे असं डोळ्यांसमोर आणा. बाटली आली तरी तिच्याजवळ बसायला माणूस नव्हतं, ते असं.

शिरेत सुई घालण्याचं काम तेव्हा डॉक्टरच करायचे. नर्सने ते करायचं नाही, असाच समज होता. १९४० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात अ‍ॅडा प्लमर या नर्सकडे पहिल्यांदा हे काम सोपवलं गेलं. पुढे १९७३ साली तिने आणि मार्गेरीट नाइट या दुसऱ्या नर्सने मिळून शिरेतून औषध देणाऱ्या नर्सेसची संघटना काढली. हात कसे धुवायचे, कातडी कशी पुसायची, सुई किती दिवस ठेवायची, रोज काय बघायचं, याचे लेखी नियम त्या संघटनेने केले. ते नियम वेळोवेळी सुधारले जातात आणि जगभरच्या नर्सेस ते वापरतात.

लोखंडी सुई ते रंगीत कॅन्युला

आपल्या आजींना आठवत असेल, पूर्वी सलाईन लावलं की हात लाकडी फळीला बांधून ठेवायचे. कारण सुई पोलादाची असायची. हात जरा हलला की ती शीर फोडून बाहेर यायची. १९५० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा या तरुण डॉक्टरने सुईवर प्लास्टिकची बारीक नळी बसवली. सुईने वाट करायची, मग सुई काढून घ्यायची आणि मऊ नळी तेवढी आत ठेवायची. आज आपल्या हाताला चिकटपट्टीखाली असते ती हीच. दवाखान्यात तिला कुणी कॅन्युला म्हणतं, कुणी इंट्राकॅथ. तिच्या टोकाला रंग असतो. पिवळी बारीक, ती तान्ह्या बाळांसाठी. मग निळी, मग गुलाबी, आणि हिरवी जाड. रक्त चढवायचं किंवा ऑपरेशन असलं की बहुतेक जाड लावतात. सिस्टरला माणूस बघून, शीर बघून हा रंग निवडावा लागतो.

त्या मऊ नळीमुळे मोठी सोय झाली. हात मोकळा झाला, नळी दोन-तीन दिवस राहू लागली. पण सोयीबरोबर धोकाही आला. कातडीला पडलेलं भोक दिवसेंदिवस उघडं राहू लागलं. म्हणजे घराचं दार उघडं ठेवून झोपण्यासारखं. मग शीर सुजायची, लाल व्हायची, कधी पू व्हायचा, कधी जंतू रक्तात जायचे. म्हणून नियम आला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळी काढून दुसरीकडे लावायची, पहिली चांगली असली तरी.

या नियमावर ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड या नर्सने प्रश्न विचारला. चांगली चाललेली नळी काढून माणसाला पुन्हा का टोचायचं? तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णालयांतल्या ३,२८३ रोग्यांवर अभ्यास केला. अर्ध्यांची नळी तिसऱ्या दिवशी बदलली, अर्ध्यांची गरज पडली तरच. २०१२ साली निकाल छापून आला. दोन्हीकडे शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच निघालं, शंभरात सात. म्हणजे रोज नीट लक्ष ठेवलं तर नुसत्या तारखेवर बोट ठेवून पुन्हा टोचायची गरज नाही. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या दिवशी बदलतात, त्यावरून सिस्टरशी वाद घालू नका. पण त्या अभ्यासातली अट लक्षात ठेवा. रोज लक्ष ठेवलं तर!

बाटल्या संपल्या तेव्हा

आता एक गोष्ट आपल्याच देशातली. १९७१ साल. बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात पटकीचे रोगी इतके आले की खाटा संपल्या, माणसं जमिनीवर, त्यांच्याच घाणीत पडलेली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. ज्यांना नळ्या लावता येतील अशी हातं पुरेनात.

तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधल्या, पिंपांत पाणी भरून त्यात त्या मिसळल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आई, बहीण, मुलगा, जो कोणी जवळ असेल त्याने घोट घोट पाजत राहायचं. उलटी झाली तरी थांबून पुन्हा पाजायचं. त्या छावणीत आधी शंभरातली जवळजवळ तीस माणसं जात होती. या पाण्यानंतर ते प्रमाण चारच्याही खाली आलं. तेच पाणी आज आपल्याकडे ओआरएस म्हणून अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मिळतं. महालनबीस २०२२ साली वारले, दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं गेलं.

लीथच्या म्हातारीला जे मिळालं नाही, ते बनगावच्या रोग्यांना मिळालं. पुन्हा पुन्हा पाणी देणारं माणूस जवळ होतं. ते माणूस डॉक्टर नव्हतं, नर्सही नव्हतं. घरचंच होतं.

आपल्याकडची ताकदीची बाटली

आता आपल्या गावाकडे येऊ. भातलावणी संपली, अंग आंबलं, गरगरायला लागलं, की आपण काय म्हणतो? "डॉक्टर, एक बाटली चढवा, ताकद येईल." काही ठिकाणी डिग्री नसलेला डॉक्टरही असतो, तो तर न मागता चढवतो. दिवसाची मजुरी त्यात जाते.

त्या बाटलीत काय असतं ते आपण बघितलं. साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत बहुतेक वेळा २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. एक भाकरी खाल्ली तर त्याहून जास्त ताकद येते. पंडुरोगाने, म्हणजे रक्त कमी असल्याने थकवा असेल, तर बाटलीतल्या पाण्याने रक्त वाढत नाही. त्याला तपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात, पोटाला डाळ-भाजी-मासळी हवी. बाटलीनंतर दोन तास बरं वाटतं, ते पाण्यामुळे आणि पडून राहायला मिळाल्यामुळे. बाईला दोन तास पडून राहायला मिळावं म्हणून सुई टोचून घ्यावी लागते, ही गोष्टही जरा विचार करण्यासारखी आहे.

आणि सुई फुकटात येत नाही. २००९ साली आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी ही काविळीची साथ पसरली आणि कितीतरी माणसं मेली. ती माणसं साध्या तापासाठी, अंगदुखीसाठी सुई टोचून घ्यायला गेली होती.

याचा अर्थ सलाईन वाईट, असा मुळीच नाही. जुलाबांनी माणूस ग्लानीत गेला, बाळंतिणीला जास्त रक्त गेलं, साप चावला, डेंग्यूत रक्तदाब उतरला, उलटी थांबेना, तर एक क्षणही न घालवता दवाखाना गाठायचा आणि सुई लावू द्यायची. तिथे हीच बाटली जीव वाचवते. पण जो माणूस पिऊ शकतो, त्याला आधी पाजायचं. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त घालू नका.

आपण काय बघायचं

आमच्या एका बैठकीत एका वहिनीने सांगितलं, दवाखान्यात रात्री तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. ठणकत होता. पण सिस्टर एकटी, वॉर्ड भरलेला, ती चिडेल म्हणून वहिनी सकाळपर्यंत गप्प राहिली. नंतर तो हात बरा व्हायला कितीतरी दिवस गेले. हे ऐकून बाकीच्याही बोलू लागल्या. जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एखादी गोष्ट होती आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी गप्प राहिलं होतं.

म्हणून आम्ही हे सांगतो, ते नीट ऐका आणि घरात सांगा.

सुई लावण्याआधी सिस्टरने हात धुतले किंवा औषधी पाण्याने चोळले का, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं का, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. चिकटपट्टीवर तारीख लिहायला सांगा. पट्टी ओली होऊ देऊ नका, सुटली तर स्वतः दाबून बसवू नका, सांगा.

सुईच्या जागेकडे दर थोड्या वेळाने बघा. जागा फुगली, गार आणि ताठ लागली, तर समजा पाणी शिरेबाहेर जातंय. आपण म्हणतो ना, सलाईन आउट गेलं, तेच. जागा लाल झाली, गरम लागली, दुखू लागली, शीर दोरीसारखी हाताला लागली, तर शीर सुजली आहे. पू दिसला किंवा थंडी वाजून ताप आला, तर जंतू शिरले असण्याची शक्यता आहे. दम लागला, छाती भरून आली, खोकला सुरू झाला, तर पाणी जास्त झालं असेल. म्हाताऱ्या माणसांत, हृदयाच्या रोग्यांत आणि तान्ह्या बाळांत हे लवकर होतं. यातलं काहीही दिसलं की सिस्टरला त्याच वेळी सांगायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

नळीवरच्या चाकीला हात लावायचा नाही. लवकर घरी जायचंय, लोकल पकडायचीय म्हणून थेंब वाढवणारे नातेवाईक आम्ही पाहिलेत. बाळंतिणीच्या बाटलीत कधी कळा आणायचं औषध असतं. ते भराभर गेलं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. नळीत एखादा बारीक बुडबुडा दिसला तर घाबरू नका, तेवढ्याने काही होत नाही, पण सिस्टरला दाखवा. बाटली संपत आली, नळीत रक्त उलटं आलं, तरीही तिलाच बोलवा.

आणि रोज सकाळी एक प्रश्न विचारा: "सिस्टर, ही सुई अजून लागणार आहे का?" तोंडावाटे औषध सुरू झालं, बाटल्या थांबल्या, तरी ती नळी कधीकधी विसरून तशीच राहते. ज्या नळीचं काम संपलं तिला हातात ठेवायचं कारण नाही. घरी पाठवताना ती काढली आहे ना, हे लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत मुद्दाम बघा.

बोलताना आवाज चढवायची गरज नाही. सिस्टरही कुणाची तरी लेक आहे, सून आहे. एकेका सिस्टरकडे किती खाटा असतात ते आपण डोळ्यांनी पाहतो. सलाईन लावलेल्या माणसाजवळ बसलेली बाई नीट बघत असेल, तर त्या सिस्टरलाही एक जोडीचे डोळे मिळतात. सरकारी दवाखान्यात नर्सेसची पदं भरा, ही मागणी जेव्हा त्या करतात, तेव्हा ती आपलीही मागणी आहे, हे आपल्या ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत सांगायला हवं.

पुढच्या बैठकीत आमचं एक काम करा. एकीने साखर-मिठाचं पाणी सगळ्यांसमोर करून दाखवा आणि चमचा सपाट कसा घ्यायचा ते शिकवा. दुसरीने सुजलेल्या शिरेच्या खुणा सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून त्या तोंडपाठ म्हणवून घ्या. आणि गटात कुणाची मुलगी दहावी-बारावीला असेल, तिला नर्सिंगला जायचं असेल, तर तिच्या घरी दोघी-तिघी मिळून जा आणि तिच्या वडिलांशी, आजीशी बोला. सेवासदनाच्या मुलींनी जी बोलणी खाल्ली, ती या मुलीला खावी लागू नयेत.